इफ्ताहाची लेक

"अध्याय कोणता?" भांबळ गुरुजींनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"शास्ते. अकरावा."

गुरुजींनी एक चप्पल काढली होती. दुसरी काढायची ते विसरले. "स्मरणसभेला?"

"हो."

"अहो दौलतराव, तेविसावं स्तोत्र घ्या की. लोकांना पाठ आहे, चष्मे शोधावे लागत नाहीत, लवकर आटपतं. शास्ते कशाला? त्यात नुसती कापाकापी."

"घर कुणाचं आहे, गुरुजी?"

"तुमचं."

"मग?"

गुरुजींनी दुसरी चप्पल काढली. नियम त्यांनीच जपलेले होते. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. मिशनच्या वेळचं एक चर्च आणि त्याच्या मागे आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं. महिन्यातून एखादी सभा कुणाच्या तरी घरी व्हायची, आणि तिचे नियम ठरलेले होते. ज्याचं घर त्यानं बायबलातला अध्याय ठरवायचा; शास्ते हे त्यातलंच एक पुस्तक. वाचन आळीपाळीनं. घरमालकानं सुरुवात करायची, मग उजवीकडच्या माणसानं, प्रत्येकानं एकच वचन वाचायचं. वाचता न येणाऱ्यानं 'पुढं' म्हणायचं. आणि अध्याय हाती घेतला की संपेपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही, पाळकसाहेबांनीसुद्धा नाही. गुरुजी मंडळीचे वडील होते, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना दटावायला पोरं उरली नव्हती, म्हणून ते हे नियम पाळून घ्यायचे.

मी त्या नियमांच्या जोरावरच सगळं जुळवलं होतं. खुर्च्या मांडताना कोण कुठं बसेल ते ठरवलं, अध्याय उघडून बोटांवर मोजलं. फिरत फिरत एकोणचाळिसावं वचन पाळकसाहेबांच्या वाट्याला यायला पाहिजे होतं. ते वचन त्यांच्या तोंडून, सगळ्यांसमोर, माझ्या घरात. मला एवढंच पाहिजे होतं, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगत होतो.

रत्नाला जाऊन महिना झाला होता.

पाळकसाहेब म्हणजे रेव्हरंड अविनाश त्रिभुवन. वय चाळिशीच्या आत, शर्टाला कडक इस्त्री, आवाज मधाचा. पुण्यात शिकून आलेला माणूस. कुणाचं पोर मेलं तरी त्याच्याकडे एक वचन तयार असायचं आणि कुणाची म्हैस मेली तरी दुसरं. रत्नाला मातीत ठेवताना तो बोलला ते मी शब्दाला शब्द सांगू शकतो.

"रत्नमालाबाईंनी आयुष्यभर देवाच्या वचनाशी वाद घातला. पण शेवटच्या दुपारी, माझ्या पत्नीच्या देखत, त्यांनी आपले सगळे प्रश्न प्रभूच्या चरणी ठेवले आणि त्या कोकरासारख्या शांत झाल्या."

कोकरासारखी! रत्ना! बाजारात वजनात मारलं तर अख्खी मंडई गोळा करणारी बाई ती.

लोकांनी माना डोलावल्या. दोनचार जणांनी आमेन म्हटलं. मी हातात मातीचं ढेकूळ धरून उभा होतो आणि ते कबरीत टाकायचं की याच्या कपाळावर, याचा विचार करत होतो. कबरीत टाकलं. पण तेवढ्यावर थांबला असता तर तो त्रिभुवन कसला. पुढच्या रविवारी उपदेशात तीच गोष्ट. मग तालुक्याच्या उज्जीवन सभेत, शेदोनशे माणसांसमोर, कर्ण्यावर तीच गोष्ट. वाद घालणारी बाई शेवटी कशी नमली. माझी बायको त्याच्या उपदेशाचा दाखला झाली. भाकरीबरोबर ठेचा लागतो तसा.

आणि मला तोंड उघडता येत नव्हतं, कारण त्या दुपारी मी खोलीत नव्हतो.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिलं होतं. ते तिथं मिळेना म्हणून मी शहरभर हिंडलो. रत्नाजवळ पाळकीणबाई बसल्या होत्या, एस्तेरबाई. मी इंजेक्शन घेऊन परत आलो तेव्हा श्वास चालू होता, बोलणं संपलं होतं. ती शेवटचं जे काही बोलली ते एकट्या एस्तेरबाईंनी ऐकलं. आणि एस्तेरबाई नवऱ्याच्या मागं दोन पावलं ठेवून चालणारी बाई. तिचा आवाज फक्त गाण्याच्या वेळी ऐकू यायचा, तोही इतर बायकांच्या आवाजात मिसळलेला.

तिला जाऊन विचारायचं होतं मला. एकदा बंगल्याच्या फाटकापर्यंत गेलोही. कडी वाजवली नाही. खरं निघालं तर?

रत्ना खरंच नमली असेल तर मग मी कुणाबरोबर राहिलो इतकी वर्षं? हा प्रश्न मला जेवू देत नव्हता.

मी स्वतः पुस्तकाचा माणूस नाही. माझं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान, घराला लागूनच. चर्चला जायचो कारण रत्ना जायची. तिचं मात्र वेगळं होतं. ती शास्त्र वाचायची ते भांडायला बसल्यासारखी, पदर खोचून. दुपारी दुकानात मला ऐकू यायचं, "हे काय रे देवा? हे काय केलंस?" मी आतून ओरडायचो, "काय केलं आता त्यानं?"

"पोरांना अस्वलांच्या तोंडी दिलं. बेचाळीस पोरं. का, तर म्हाताऱ्याला टकल्या म्हणाली."

"एवढं पटत नाही तर टाक ना बांधून माळ्यावर."

"नवरा पटत नाही म्हणून टाकला का माळ्यावर?"

असं चालायचं. मला पुस्तकाचा तिरस्कार होता, आणि तो सोपा होता. मी न वाचता करायचो. ती सगळं वाचून, एकही पान न गाळता, रागवायची आणि दुसऱ्या दिवशी परत उघडायची. मला वाटायचं, हा नुसता हट्ट आहे.

दर मंगळवारी दुपारी ती चर्चच्या मागच्या खोलीत बायकांचा वर्ग घ्यायची. दहाबारा बायका, त्यातल्या निम्म्यांना अक्षरओळख नाही. ती वाचायची, त्या ऐकायच्या. उन्हाळ्यात कधी कधी सलग तीनचार दिवस जायची आणि डोळे सुजवून परत यायची. "काय, देवानं आज पण मारलं?" असं मी विचारायचो. ती पाणी प्यायची आणि स्वयंपाकाला लागायची.

त्रिभुवन आला आणि वर्षभरानं त्याला कळलं की बायकांच्या वर्गात शास्ते वाचतात. त्यातही अकरावा अध्याय. तो घरी आला. माझ्यासमोर म्हणाला, "ताई, भगिनींच्या वर्गाला रूथचं पुस्तक घ्या. एस्तेरचं घ्या. प्रीतीची वचनं घ्या. ही प्रकरणं कच्च्या विश्वासाच्या माणसांना झेपत नाहीत."

रत्ना म्हणाली, "ही प्रकरणं तुमच्या पुस्तकात नाहीत का, पाळकसाहेब? का तुमचं वेगळं छापलंय?"

वर्ग बंद झाला. मागच्या खोलीला कुलूप लागलं. पुढं चार महिन्यांत तिचं पोटाचं दुखणं निघालं, आणि पाळकसाहेब दवाखान्यात येऊन पलंगाजवळ प्रार्थना करून गेले. तिच्या कुरकुरीची क्षमा मागितली त्यांनी. तिच्या वतीनं. तिनं मागितली नव्हती.

म्हणून शास्ते, अकरावा.

चारच्या सुमारास माणसं जमली. पाळकसाहेब आले, हात धरून म्हणाले, "दौलतदादा, धीर आहे ना?" मी म्हटलं, "आहे. तुम्हाला पाहिजे का थोडा?" ते हसले. हसणं हे त्यांचं सगळ्या गोष्टींवरचं औषध.

मी त्यांना ठरवलेल्या खुर्चीवर बसवलं. त्यांच्या अलीकडे एस्तेरबाई. गोदाआजीला भिंतीला टेकून पोत्यावर बसवलं. गोदाआजी मंडळीतली सगळ्यात म्हातारी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शाळेचं तोंड कधी पाहिलेलं नाही. तिचा नंबर आला की ती 'पुढं' म्हणणार, हे मी मोजणीत धरलं होतं. तिच्या शेजारी भांबळ गुरुजी. मंगळवारच्या वर्गातल्या बायका बहुतेक सगळ्या आल्या होत्या. एक गाणं झालं, प्रार्थना झाली, आणि मी पहिलं वचन वाचलं.

इफ्ताह मोठा लढवय्या होता, पण वेश्येचा मुलगा होता.

खोलीत कुणीतरी खोकलं. गुरुजींनी छताकडे पाहिलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इफ्ताहाला सावत्र भावांनी घरातून हाकललं. मग गावावर शत्रू चालून आला तेव्हा त्याच गावानं त्याला पाय धरून परत आणलं. त्यानं शत्रूच्या राजाला निरोप पाठवले. हे निरोप लांबलचक आहेत, कुठली जमीन कुणी कुणाकडून घेतली याचे, तलाठ्याच्या कचेरीत ऐकू येतात तसे. वाचन एक फेरी फिरलं, दुसरी फिरली. दोन्ही वेळा गोदाआजी "पुढं" म्हणाली. गुरुजींचा चेहरा सैल झाला. त्यांना वाटलं, निभावलं. एक बाई पेंगायला लागली. पाळकसाहेब घड्याळ पाहत होते.

तिसऱ्या फेरीत नवस आला.

लढाईवर जाताना इफ्ताहानं देवाला शब्द दिला, तू मला जय दिलास तर मी घरी परत येताना माझ्या दारातून जे कुणी मला भेटायला बाहेर येईल त्याचा तुला होम करीन. हे वचन वाचणारा माणूस मध्ये अडखळला. मग जय मिळाला, तो घरी आला, आणि दारातून त्याची लेक बाहेर आली. एकुलती एक. डफ वाजवत, नाचत, बापाला सामोरी.

पेंगणारी बाई जागी झाली होती.

पुढचा नंबर गोदाआजीचा. मी गुरुजींकडे पाहिलं, ते चष्मा नीट करून तयार होते. पण आजी 'पुढं' म्हणाली नाही. आजी म्हणाली, "ह्ये माजंय."

"आजी, तुम्हाला कुठं..." गुरुजी म्हणाले.

"गप ऱ्हा, मास्तर."

आणि ती पांढरे डोळे समोर लावून बोलायला लागली. पुस्तकात होतं तेच, तिच्या भाषेत. "बापानं तिला पाह्यलं आन आंगावरची कापडं फाडली. म्हनला, आगं माज्या लेकी, तू मला पार खाली लोळवलंस. म्या देवाला शबुद दिऊन बसलोय. आता मला माघारी फिरता येत न्हाई."

गावात सगळ्यांना ठाऊक होतं. गोदाआजीची सोजर माहेरी पळून आली होती, अंगावर वळ घेऊन, आणि बापानं दुसऱ्या दिवशी तिला परत नेऊन घातलं होतं. व्याह्याला शब्द दिलाय, म्हणाला. आठ दिवसांत सोजर सासरच्या विहिरीत सापडली. चाळीस वर्षांत आजीच्या तोंडून पोरीचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. मग हे वचन तिला कुणी पाठ करून दिलं?

माझी मोजणी चुकली, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

गुरुजींनी पुढचं वाचलं. त्यात पोरगी बापाला म्हणते, शब्द दिला आहे तर तसं कर. गुरुजींचा आवाज वर्गात धडा वाचल्यासारखा असायचा, तो आज खाली आला होता. त्यांच्यापलीकडच्या बाईनं वाचलं, पोरीनं दोन महिने मागितले, मैत्रिणींबरोबर डोंगरात हिंडून रडायला.

"एक मिनिट," पाळकसाहेब म्हणाले. "इथे थोडं स्पष्टीकरण गरजेचं आहे. मंडळीचा गैरसमज नको. अनेक विद्वानांच्या मते मुलीला प्रत्यक्ष मारलं नाही. तिला फक्त देवाच्या सेवेसाठी अविवाहित ठेवलं. आणि इब्री लोकांस पत्रात इफ्ताहाचं नाव विश्वासवीरांच्या..."

"वाचन चालू आहे," मी म्हटलं.

"दौलतदादा, मी फक्त..."

"गुरुजी, नियम काय आहे?"

गुरुजींनी घाम पुसला. त्यांना त्या क्षणी नियम नको होता, हे कुणालाही दिसत होतं. पण तो त्यांचाच होता. "अध्याय संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही," ते म्हणाले. "पाळकसाहेब, नियम आहे."

पुढच्या बाईनं वाचलं, बापानं जा म्हटलं आणि पोरगी डोंगरात गेली. मग एस्तेरबाईंचा नंबर आला, आणि मी पुस्तकात पाहिलं तर एकोणचाळिसावं वचन तिच्या बोटाखाली होतं. पाळकसाहेबांच्या नव्हे. गोदाआजीनं माझा सगळा डाव एका खुर्चीनं सरकवला होता.

मी मनात शिवी घातली. या बिचारीकडून हे वदवून मला काय मिळणार होतं?

एस्तेरबाईंनी पुस्तक मिटलं. न बघता म्हणाल्या, "दोन महिन्यांनी ती बापाकडे परत आली, आणि त्यानं केलेला नवस तिच्यावर फेडला."

पाळकसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. मग शेवटचं वचन वाचायला त्यांनी तोंड उघडलं. पण त्यांचा आवाज निघायच्या आत खोलीतल्या बायका बोलायला लागल्या. गोदाआजी, एस्तेरबाई, गुरुजींपलीकडच्या दोघी, मंगळवारच्या सगळ्या. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. दरवर्षी चार दिवस इस्राएलातल्या मुली इफ्ताहाच्या लेकीसाठी शोक करायला जात असत, असं ते वचन आहे. त्या ते एकत्र म्हणाल्या, आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून, चेहरा झाकून, बसल्या. नुसत्या बसल्या. थोड्या वेळानं कुणाचा तरी श्वास तुटल्याचा आवाज आला. मग आणखी एकीचा.

पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. मीही त्यांतलाच एक. माझं घर, मी निवडलेला अध्याय, आणि काय चाललंय ते मला ठाऊक नाही.

"हे काय आहे?" पाळकसाहेब म्हणाले. मध आटला होता.

"मंगळवारचं," एस्तेरबाई पदराआडून म्हणाल्या.

"मंगळवार मी बंद केलाय."

"वर्ग बंद केलात. हे कसं बंद होणार?"

मग आजीनं सांगितलं. मला, पाळकाला नाही. "दौलत्या, तुज्या बायकूनं पैल्यांदा हा आध्याय वाचून दाखवला तवा म्हनली, ह्यात देव काय बोलला न्हाई. नगं बी म्हनला न्हाई, हो बी म्हनला न्हाई. मला ह्ये पटत न्हाई, बायांनो, आन पटवून बी घ्यायचं न्हाई. पन शेवटाला लिव्हलंय की पोरी दरसाल चार दिस रडत व्हत्या. मग आता कोन रडतंय? येवढी चर्चं, येवढं पाळक. कोनीच न्हाई. मग आपुन रडू. पैल्या वरसाला आमाला हासू आलं. कोनाच्या पोरीसाठी रडायचं, कुटली ती? मंग माजी सोजर आली डोळ्यापुढं."

"दरवर्षी?" मी विचारलं.

"दरसाल. उन्हाळ्यात. चार दिस."

डोळे सुजवून यायची ती. देवानं आज पण मारलं का, असं मी विचारायचो.

गुरुजींना काहीतरी करून सभा रुळावर आणायची होती. "पाळकसाहेब, आशीर्वाद द्या," ते म्हणाले. "उशीर होतोय."

पाळकसाहेब उभे राहिले. मीही उभा राहिलो. मला तेव्हा कळलं की अध्याय, खुर्च्या, ते एकोणचाळिसावं वचन, हे सगळं मी एका गोष्टीपासून पळायला केलं होतं. आता पळायला जागा उरली नव्हती.

"आशीर्वादाआधी मला एक विचारायचंय," मी म्हटलं. "पाळकीणबाई, त्या दुपारी ती काय म्हणाली?"

"दौलतदादा," पाळकसाहेब म्हणाले, "ते मी मंडळीला सांगितलेलं आहे."

"तुम्हाला नाही विचारलं."

"एस्तेर, घरी जाऊ."

एस्तेरबाईंनी पदर मागं घेतला. त्यांचं नाक लाल झालं होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. मला वाटतं, पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं.

"तुम्ही सांगता ते मी तुम्हाला सांगितलेलं नव्हतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "दादा, त्यांना दम लागत होता. मी म्हटलं, ताई, बोलू नका, प्रभूला शरण जा. तर हसल्या. म्हणाल्या, शरण कशाला, मी तर त्याच्याकडंच निघाले. एवढी वर्षं पुस्तकातून विचारलं. आता समोर बसून विचारते. मी म्हटलं, काय विचारणार? तर म्हणाल्या, खूप आहे. पण आधी त्या पोरीचं. तिच्या वेळी तू गप का बसलास, ते आधी सांग म्हणणार."

कुणीतरी हुंदका दिला. मला वाटतं तो मीच होतो. रत्ना गेल्यापासून मी रडलो नव्हतो, दफनालाही नाही. माणसं मला त्यावरून दगड म्हणत होती.

"अर्थ तोच होतो," पाळकसाहेब म्हणाले. "प्रश्न घेऊन प्रभूकडे जाणं म्हणजे..."

"चरणी ठेवले म्हणालात तुम्ही. कोकरू म्हणालात."

"मरणानंतर लोकांना काहीतरी आधार द्यावा लागतो, दादा. नाहीतर माणसं कशी जगतील?"

"लोकांना द्यावा लागतो, का तुम्हाला घ्यावा लागतो?"

त्यांचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला, परीक्षेत कोरा पेपर दिलेल्या पोरासारखा. दुसऱ्या कुणाला दया आली असती. मला आली नाही. खोटं कशाला बोलू? आजही येत नाही. ज्या पानांची याला भीती वाटत होती ती माझ्या बायकोनं अंगठेबहाद्दर बायकांना घेऊन वाचली होती, आणि यानं तिच्या मढ्यावर गुळाचं पाणी शिंपडलं.

"आता ती गोष्ट कुठं सांगू नका," मी म्हटलं.

"नाही सांगणार," एस्तेरबाई म्हणाल्या. नवऱ्याच्या वतीनं. नवऱ्यानं ते मागितलं नव्हतं.

पाळकसाहेबांनी आशीर्वादासाठी हात वर केला, आणि तो तसाच खाली आला. ते चपला घालून निघून गेले. त्यांच्यामागं गुरुजी आणि बाकीचे पुरुष, खाली माना घालून, लग्नात जेवण कमी पडल्यासारखे. बायका बसून राहिल्या. एस्तेरबाईसुद्धा.

गोदाआजी भिंतीला धरून उठली तेव्हा म्हणाली, "दौलत्या, चर्चच्या खोलीला कुलूप हाय. औंदा चार दिस तुज्याकडं बसलो तर?"

"आजी, माझा या कशावर विश्वास नाही."

"तुला कोन इस्वास मागतंय? पान्याचा माठ भरून ठिव."

त्या उन्हाळ्यात त्या आल्या. मी दुकानात बसलो, एक मोटार उघडली आणि काहीही न करता परत बंद केली. चारही दिवस तेच. पुढच्या वर्षी दुकानात बसवेना, म्हणून त्यांच्या खोलीच्या दाराशी बसलो. त्रिभुवनाची दोन वर्षांनी बदली झाली. जाईपर्यंत त्याच्या उपदेशात रत्नाचं नाव परत आलं नाही, आणि माझ्या ओटीवर त्याचं पाऊल परत पडलं नाही. एस्तेरबाई मात्र त्या चार दिवसांतला एक दिवस एसटीनं येतात, अजून. गोदाआजी राहिली नाही. तिच्या सोजरचं नाव आता तिथं मोठ्यानं घेतात.

नवा पाळक मला मधून मधून विचारतो, दौलतमामा, मग आता बसला का विश्वास? मी त्याला सांगतो, नाही. मला तिकडचं काही ठाऊक नाही. पण तिकडं काही असेलच, आणि तो तिथं असेलच, तर रत्नानं त्याला समोर बसवून विचारलेलं आहे. आणि उत्तर पटलं नसेल, तर इतकी वर्षं झाली, अजून त्याला उठू दिलेलं नाही.